दारापर्यंतची सोबत

दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यापीठे उघडतात आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो. त्यामुळे मायदेशातून आलेले नवे विद्यार्थी आमच्या छोट्या समूहात प्रथम पाऊल ठेवतात ते बहुधा त्याच कार्यक्रमाला. मिडलँड्समधील एका शहरात भाड्याने घेतलेले सभागृह, टेबलावर अंथरलेले पांढरे वस्त्र, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचे छायाचित्र, मेणबत्त्या, आणि मागच्या भिंतीशी घराघरांतून आणलेले वरण-भात-भाजीचे डबे. त्रिशरण-पंचशील झाले की विद्यार्थी एकेक करून उभे राहतात, 'जय भीम' म्हणून आपले नाव, जिल्हा आणि अभ्यासक्रम सांगतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. कित्येक वर्षे आमचे स्वागत तेथेच संपत असे.

अलीकडे मात्र जेवणाच्या रांगेत आम्ही प्रत्येकाला एक प्रश्न आवर्जून विचारतो : जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातील डॉक्टरकडे, नाव नोंदवले का? प्रश्न रुक्ष आहे. नुकत्याच आलेल्या मुलांना तो थोडा विचित्रही वाटतो. त्यामागे एका हिवाळ्याची कथा आहे आणि त्या कथेत आमच्या हातून घडलेल्या दोन चुका आहेत. ज्याची ती कथा आहे, त्याने ती लिहिण्यास संमती दिली आहे. त्याचे नाव, गाव आणि विद्यापीठ त्याच्याच इच्छेवरून येथे दिलेले नाही.

तो विदर्भातून आला होता. आई अंगणवाडी सेविका, वडील बांधकामावर मजूर. शासनाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी जाणारा त्या वस्तीतील तो पहिलाच मुलगा. निघण्याच्या दिवशी विहारात सत्कार झाला आणि चौकात एक मोठा फ्लेक्स लागला : डावीकडे बाबासाहेब, उजवीकडे कोटातला हा मुलगा, आणि मध्ये अभिनंदनाच्या ओळी. पहिल्या कार्यक्रमात त्याने तो फोटो आम्हाला मोबाइलवर दाखवला. आम्हाला अभिमान वाटला. त्या फोटोचे ओझे किती असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

डिसेंबरात या देशात दुपारी चारच्या आत अंधारते. सूर्य दिसलाच तर छपरांना टेकून जातो. त्या दिवसांत आम्ही त्याला दोन वेळा पाहिले. तो वाळला होता, दाढी वाढली होती, आणि वंदनेच्या वेळी त्याचे ओठ हलत नव्हते. शिष्यवृत्तीची रक्कम येण्यास विलंब झाला होता. तो एका गोदामात रात्रपाळी करत होता. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. ती मर्यादा तो पाळत होता, पण रात्रीची झोप गेली ती परत आली नाही. घरमालक बदलला होता. भाडे परवडत नव्हते, एवढेच कारण त्याने सांगितले आणि आम्ही ते ऐकून घेतले.

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरताना, तो आमच्यातील एका ज्येष्ठांना म्हणाला, "काका, एक असाइनमेंट देताच आली नाही. मन नाही लागून राहिलं इथं."

त्या क्षणी आम्ही तीन-चार जण जवळ होतो आणि आम्ही सर्वांनी मिळून त्याला जे उत्तर दिले ते आजही आठवते. बाबासाहेबांनी याच देशात अर्धपोटी राहून अठरा-अठरा तास अभ्यास केला. तुला तर शिष्यवृत्ती आहे, मोबाइल आहे, खोलीत हीटर आहे. आपण रडणाऱ्यांची नाही, लढणाऱ्यांची लेकरे आहोत. तुझ्या मागे सगळी वस्ती डोळे लावून बसली आहे. कोणी पाठीवर थाप दिली, कोणी डब्यात भाजी भरून दिली. तो "हो काका" म्हणाला. आम्हाला वाटले, आपण त्याला धीर दिला.

त्यानंतर पाच आठवडे तो आला नाही. अभ्यासात गढला असेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले.

मार्चच्या सुरुवातीला एका रात्री दहाच्या सुमारास आमच्यातील एकाला अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा तरुण नायजेरियाचा होता, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा. शेजारच्या खोलीतील मित्र दोन दिवस बाहेर आलेला नाही, दार ठोठावले तर फक्त 'ठीक आहे' म्हणतो, स्वयंपाकघरात त्याचे काहीच हलत नाही, असे तो सांगत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आमच्या समूहाची दिनदर्शिका होती आणि तिच्या तळाशी संपर्काचा क्रमांक होता. तो पाहून त्याने फोन केला. त्या मुलाशी त्याची ओळख जेमतेम चार महिन्यांची, भाषा वेगळी, धर्म वेगळा. तरीही जे आमच्या लक्षात यायला हवे होते, ते त्याच्या लक्षात आले.

आम्ही तिघे गेलो. त्यांतील एक ताई एनएचएसमध्ये परिचारिका आहेत. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीला ओढलेला पडदा आणि ब्रेडची रिकामी पाकिटे. मोबाइलच्या पडद्यावर फ्लेक्सचा फोटो असायचा. तेथे आता काळा रंग होता. ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी शांतपणे, पण अगदी सरळ शब्दांत विचारले, "जीव नकोसा झालाय का तुला?"

आम्ही दोघे दचकलो. असा प्रश्न विचारावा का? परंतु ताईंना आपल्या कामातून ठाऊक होते की असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात रुजत नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला बोलायला वाट मिळते. तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "कधी कधी वाटते, सकाळ होऊच नये."

त्या रात्री आम्ही १११ हा क्रमांक लावला. इंग्लंडमध्ये या क्रमांकावर दुसरा पर्याय निवडला की मानसिक आरोग्याच्या तातडीच्या मदतीशी जोड मिळते आणि ती दिवसरात्र चालू असते. पलीकडच्या बाईंनी आमच्याशी थोडे आणि त्याच्याशी बराच वेळ बोलून घेतले. तो एकटा राहणार नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारले. जिवाला तत्काळ धोका असता तर ९९९ लावायचे होते. तशी वेळ आली नाही. आमच्यापैकी एक जण रात्रभर त्याच्या खोलीत खुर्चीवर बसून होता आणि वरच्या मजल्यावरील तो मित्र पहाटे चहा घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दोन दारे ठोठावायची होती : जीपीचे आणि विद्यापीठाच्या वेलबीइंग सेवेचे. तेव्हा कळले की सहा महिन्यांत त्याने जीपीकडे नावच नोंदवले नव्हते. व्हिसाच्या वेळी विद्यार्थ्याने आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड आधीच भरलेले असतात, म्हणजे ज्या सेवेचे पैसे दिले त्या सेवेच्या दाराशी तो गेलाच नव्हता. डॉक्टरकडे गेलो तर व्हिसाच्या कचेरीला कळेल, अशी त्याची समजूत होती. तशीच दुसरी समजूत विद्यापीठाबद्दल होती. त्याच्या इनबॉक्समध्ये न उघडलेली चौदा पत्रे होती. हजेरी कमी झाली म्हणून परत पाठवतील, या भीतीने त्याने ती उघडली नव्हती. आम्ही त्याच्याजवळ बसून एकेक उघडले. त्यांत दोन पत्रे त्याच्या पर्सनल ट्यूटरची होती : पंधरा दिवस दिसला नाहीस, बरा आहेस ना, येऊन भेटशील का. दुसरे पत्र तीन आठवड्यांपूर्वीचे होते.

वेलबीइंग सेवेची भेट ठरवण्यासाठी संगणकावर एक अर्ज भरावा लागतो. त्यात आपला त्रास थोडक्यात लिहायचा असतो. तो टाइप करू लागला आणि थांबला. "ताई, 'मन लागत नाही' ला इंग्रजीत काय म्हणायचे?"

हा प्रश्न साधा नव्हता. आम्ही तिघे या देशात दहा-वीस वर्षे राहिलेले, इंग्रजीत नोकरी करणारे, आणि आम्हालाही चटकन शब्द सापडेना. बोअर होते म्हणावे, तर ते क्षुल्लक ठरते. घराची आठवण येते म्हणावे, तर अपुरे पडते. 'करमत नाही', 'जीव लागत नाही', 'डोके जड झाले', 'आतून गळून गेल्यासारखे वाटते' : आपल्या भाषेत मनाचे दुखणे सांगायला शब्दांची वाण नाही, पण त्या शब्दांना अर्जातील चौकटी ओळखत नाहीत. शिवाय इथे कोणी 'कसे आहात' म्हणून विचारले की 'फाइन, थँक यू' म्हणायचे, हे तो विमानात बसण्यापूर्वीच शिकला होता. सहा महिने त्याने प्रत्येकाला तेच उत्तर दिले होते. शेवटी ताईंनी सुचवले की भावनेचे नाव शोधू नकोस, काय घडते ते लिही : किती तास झोपतोस, दिवसातून किती वेळा जेवतोस, शेवटचे व्याख्यान केव्हा ऐकलेस, रात्री काय विचार येतात. त्याने पाच साधी वाक्ये लिहिली. त्या पाच वाक्यांवर दुसऱ्याच दिवशीची भेट मिळाली.

जीपीच्या दवाखान्यातही असाच अनुभव आला. तेथे नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे प्रत्येकाचे स्वरूप, शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीची निराशा असे त्यात येते, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. ताईंनी प्रत्येक प्रश्न त्याला वैदर्भी बोलीत समजावला. नवव्या प्रश्नाशी आल्यावर त्याने पेन खाली ठेवला. मग उचलून खरे ते लिहिले. आम्ही कागदाकडे न पाहता भिंतीकडे पाहत राहिलो. दुभाषा मागण्याची सोय एनएचएसमध्ये असते, हे आम्हाला त्या दिवशी आठवलेही नाही. पण वाचकांनी ते लक्षात ठेवावे, कारण प्रत्येकाला आपले मन ओळखीच्या माणसासमोर उघडायचे असतेच असे नाही.

या दोन दारांनी पुढे काय केले, ते सांगणे अगत्याचे आहे, कारण आपल्या लोकांना या व्यवस्थेची माहिती कमी आणि भीती जास्त असते. जीपीने औषधोपचाराचा विचार केला आणि दर पंधरवड्याला भेटीस बोलावले. विद्यापीठाच्या समुपदेशकाबरोबर सहा बैठका मिळाल्या. त्यांसाठी एक पैसाही द्यावा लागला नाही. वेलबीइंग सेवेने दिलेल्या पत्राच्या आधारे त्याने अडचणीच्या परिस्थितीचा अर्ज केला. प्रत्येक विद्यापीठात या अर्जाचे नाव थोडे वेगळे असते, पण तत्त्व एकच : आजारपण किंवा गंभीर अडचण पुराव्यासह वेळेत कळवली, तर मुदत वाढते किंवा परीक्षा पुढे जाते. हा अर्ज भरण्यास विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राने मदत केली. हे केंद्र विद्यापीठाच्या प्रशासनापासून स्वतंत्र असते, त्यामुळे प्रशासनाशी मतभेद झाला तरी ते विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहू शकते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागाराने त्याला व्हिसाविषयी नीट समजावले : समुपदेशन घेतले म्हणून कोणी व्हिसा काढून घेत नाही, मात्र अभ्यास दीर्घकाळ थांबवायचा असेल तर त्याचा व्हिसावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तसा निर्णय सल्ल्याशिवाय एकट्याने घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : समुपदेशकाशी झालेले बोलणे त्याच्या संमतीवाचून प्राध्यापकांना, पालकांना किंवा शिष्यवृत्ती देणाऱ्यांना कळवले जात नाही. जिवाला गंभीर धोका असेल तेव्हाच त्याला अपवाद केला जातो.

गुप्तता पाळण्याचे हे बंधन विद्यापीठाने पाळले. मोडले ते आम्ही. त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकाने, केवळ सद्भावनेने, समूहाच्या व्हॉट्सॲपवर लिहिले की आपल्या अमुक विद्यार्थ्याची मनाची तब्येत बरी नाही, सर्वांनी त्याच्यासाठी मंगल मैत्री करावी. आपल्या समाजाचे जाळे किती घट्ट आहे, हे त्या दिवशी कळले. तो संदेश नागपूरला गेला, तेथून जिल्ह्याला, आणि सायंकाळपर्यंत त्याच्या वस्तीत. रात्री आईचा फोन आला. ती रडत होती. "लोक म्हणून राहिले तू वेडा झाला. खरं हाय का रे?" संदेश पुसून टाकला, तोवर तो चार गावांत वाचला गेला होता. त्या मुलाने आम्हाला एक शब्दही बोल लावला नाही. पण पुढचे दोन महिने तो आमच्यातील कोणाशीही स्वतःबद्दल बोलला नाही, आणि आम्हाला ते योग्यच वाटले.

बऱ्याच काळानंतर, उन्हाळ्यात, तो आपण होऊन एक गोष्ट बोलला. घर त्याने भाड्यामुळे बदलले नव्हते. पहिल्या घरात आपल्याच देशातील तीन मुले होती. त्यांनी आधी आडनाव विचारले, मग शिष्यवृत्ती कोणती ते विचारले, आणि त्यानंतर एकत्र स्वयंपाक करणे हळूहळू बंद झाले. कोणी काही उघड बोलले नाही, त्यामुळे तक्रार करायला हाती काही नव्हते. अनामत रक्कम सोडून तो निघाला. हे त्याने आम्हाला सांगितले नाही, कारण सात समुद्रांपलीकडे येऊनही हे संपले नाही, हे ऐकून आम्हाला वाईट वाटेल असे त्याला वाटले. विद्यापीठाच्या अर्जात धर्माचा रकाना होता, वंशाचा होता, लिंगाचा होता, जातीचा नव्हता. समुपदेशक बाईंना जात म्हणजे काय, हे त्याला चौथ्या बैठकीत पहिल्यापासून सांगावे लागले. ते सांगणे थकवणारे होते, असे तो म्हणाला. पण ज्या माणसाला माझ्या आडनावातून काहीच कळत नाही त्याच्यासमोर हे पहिल्यांदा मोठ्याने बोललो, हेही तो म्हणाला.

आपल्या समाजाच्या स्मरणात विद्यार्थ्यांच्या अकाली मृत्यूंची नावे आहेत. २०१६ मधील रोहित वेमुला, २०१९ मधील पायल तडवी. ती नावे घेऊन आपण मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या, परदेशांतही सभा घेतल्या. ते करायलाच हवे होते. परंतु आमच्याच दारी भांडी घासत उभा असलेला एक जिवंत मुलगा 'मन लागत नाही' म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला भाषण दिले. या विसंगतीची लाज आम्हाला अजून वाटते.

त्या वसंतात आमच्या धम्मवाचनात विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग पुन्हा वाचला गेला. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. कोणी सेवेला नाही. तथागत विचारतात, तर उत्तर मिळते की हा संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. तथागत आनंदाला पाणी आणायला सांगतात. दोघे मिळून त्याला धुतात, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून पलंगावर निजवतात. मग भिक्खूंना बोलावून समजावतात की येथे तुम्हाला आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? हा प्रसंग आम्ही पूर्वी अनेकदा वाचला होता. परदेशात एकट्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडील येथे नाहीत, हे त्या दिवशी प्रथम त्याच्याशी जोडून पाहिले. कथेत तथागतांनी त्या भिक्खूला पूर्वीच्या थोर साधकांनी किती सोसले, हे सांगितलेले नाही. पाणी आणायला सांगितले.

त्याच ठिकाणी पुढे आजाऱ्याची सेवा करण्यास योग्य कोण, याची लक्षणे येतात. औषध सिद्ध करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, घाणीची किळस नसावी, आणि वेळ पाहून धम्माच्या बोलण्याने मन प्रसन्न करता यावे. उपदेश या यादीत शेवटी आहे. आम्ही त्यालाच पहिला क्रमांक दिला होता. आजाऱ्याच्या बाजूनेही एक अपेक्षा तेथे आहे : आपल्या दुखण्याचे खरे स्वरूप सेवा करणाऱ्याला सांगावे. पण ते सांगता यावे, यासाठी ऐकणाऱ्याने आधी गप्प राहायला शिकावे लागते.

आणि बाबासाहेब? ज्यांचे नाव घेऊन आम्ही त्या मुलाला गप्प केले, त्यांचे लंडनमधील दिवस आम्ही पुन्हा वाचले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा आले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. पैसे संपले तेव्हा त्यांनी पत्रे लिहून मदत मागितली. १९२३ मध्ये त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांकडून फेरलेखनासाठी परत आला, आणि त्यांनी तो मुंबईत पुन्हा लिहून पाठवला. मुंबईत रमाई संसार ओढत होत्या. म्हणजे ज्या आयुष्याला आम्ही एकट्याने लढलेल्या माणसाची गाथा म्हणून सांगत आलो, त्यात अडलेले शिक्षण आहे, परत आलेला प्रबंध आहे, मुदतवाढ आहे, आणि मित्रापुढे मोकळेपणाने मांडलेली गरज आहे. त्या मुलाला जानेवारीत आम्ही हे सांगितले असते तर त्याला ते उपयोगी पडले असते. अठरा तासांचे वाक्य तर तो लहानपणापासून ऐकतच आला होता.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. त्या फार मोठ्या नाहीत. ऑक्टोबरच्या कार्यक्रमात एक टेबल केवळ जीपी नोंदणीसाठी असते. नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची कागदपत्रे दाखवणे सक्तीचे नाही, हे आम्ही तेथे सांगतो आणि अर्ज तेथेच भरून घेतो. समूहातील दोघांनी मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे. आम्ही समुपदेशक नाही, औषध आमच्याकडे नाही; आमचे काम विद्यार्थ्यासोबत त्या दारापर्यंत चालत जाणे, बाहेरच्या बाकावर बसून राहणे आणि तो बाहेर आल्यावर त्याने सांगितले तेवढेच ऐकणे, इतकेच आहे. कोणाच्याही प्रकृतीविषयी एक अक्षरही समूहाच्या व्हॉट्सॲपवर लिहायचे नाही, प्रार्थनेच्या निमित्तानेही नाही, हा नियम आम्ही लेखी केला आहे. दिनदर्शिकेच्या तळाशी आता आमच्या क्रमांकाच्या शेजारी १११ आणि समॅरिटन्सचा ११६ १२३ हे क्रमांक छापतो; दुसरा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज सेवेकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून नाव देता येते, हेही तेथे लिहिलेले असते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने भांडी आवरताना आमच्यातील एका ताईंना म्हटले की रात्री झोप येत नाही. ताईंच्या ओठांवर बाबासाहेबांचे नाव आले होते, असे त्या नंतर प्रांजळपणे म्हणाल्या. त्यांनी ते गिळले आणि विचारले, "किती दिवसांपासून?" ती विद्यार्थिनी दुसऱ्याच आठवड्यात वेलबीइंग सेवेत गेली. तिला कदाचित आमची गरज लागलीही नसती. ते कळण्याचा मार्ग आमच्याकडे नाही, आणि असावा असेही वाटत नाही.

तो मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. प्रबंधाला मुदतवाढ मिळाली होती. सप्टेंबरऐवजी त्याने तो डिसेंबरात दिला, आणि गुण बरे आले. आता तो याच शहरात नोकरी करतो. आईला त्याने सगळे सांगितले, पण फोनवर नाही. सुटीत गावी गेला तेव्हा, चुलीजवळ बसून. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "फ्लेक्स तर मी तेव्हाच काढून ठेवला होता. पावसानं रंग चालला होता." तो फ्लेक्स तिने कोठ्यातील धान्याच्या पोत्यांवर पांघरला होता.

चौदा एप्रिलला तो आमच्या कार्यक्रमाला येत नाही. व्यासपीठावरून कोणी अठरा तासांचे बोलू लागले की त्याच्या छातीत अजून दडपण येते, असे त्याने सांगितले आहे, आणि आम्ही त्याला आग्रह करत नाही. तो साध्या रविवारी येतो. वंदनेला मागे बसतो, जेवणानंतर भांडी घासायला उभा राहतो. वरच्या मजल्यावरील तो नायजेरियन मित्रही कधी कधी त्याच्याबरोबर येतो; त्याला वरण-भात आवडतो. आम्ही त्या दोघांना नोकरीचे विचारत नाही, पगाराचे विचारत नाही. झोप लागते का, एवढे विचारतो. त्यावर तो कधी 'हो' म्हणतो, कधी 'या आठवड्यात नाही' म्हणतो.